धुरा

घाटंजीच्या कचेरीसमोर, जिथं आता माझं झेरॉक्सचं दुकान आहे,
तिथं आजोबा बसायचे. पैकू मेश्राम, अर्जनवीस.
सतरंजी, दौत, तिकिटांची डबी,
आणि बुडाखाली, उंचीसाठी, एक जाडजूड पुस्तक,
यवतमाळच्या कुण्या बॅरिस्टरनं रद्दीत काढलेलं:
विलायती कायद्याच्या शब्दांचा कोश.
पाठीवरचं नाव उधईनं खाल्लेलं.

दुपारी पक्षकार पांगले
की ते उठून त्याच बैठकीचं वाचन करायचे.
इंग्रजी त्यांना परक्या गावच्या विहिरीसारखी:
पाणी दिसायचं, खोली कळायची नाही.

"त्या विलायतेतबी दुसऱ्याचंच राज होतं, बापू.
फ्रेंच बोलनारे आले, जिंकले.
त्यायचे नातू फ्रेंच इसरले, पन कोर्ट नाई इसरलं.
घरी इंग्रजी, बाजारात इंग्रजी,
अन् न्याय मांगाचा तं फ्रेंचात.
मंग एक छापखान्यावाला म्हने,
लोकायले निदान कळू द्या
कोनत्या शब्दानं मारलं त्यायले."

एवढं सांगून स्वतःच्याच अर्जाकडं बघत, हसत:
मुद्दई, मुद्दालेह, तहकूब, खारीज.
निजामाचा अंमल उठून शंभर वर्षं झाली होती.

दुसरी गोष्ट ते हळू आवाजात सांगायचे.
एका कोशवाल्यानं ‘राजा’ या शब्दापुढं लिहिलं,
कायद्याच्या वरचा.
केवढा गहजब! पुस्तक जप्त. म्हणतात, जाळलंसुद्धा.
"अर्थ लिहाले बसलं की असं होते," आजोबा म्हणायचे,
आणि तिकिटाला थुंकी लावायचे.

बावन्न साली चंद्रभागा टेकाम आली.
मोहाचं झाड, दोन वावरांच्या मधोमध.
शेजारी म्हणे माझं. फुलं वेचू देईना.
आजोबांनी लिहायला घेतलं आणि अडले:
झाड होतं धुऱ्यावर,
आणि धुऱ्याला साहेबाच्या भाषेत शब्द सापडेना.
बाउंड्री म्हणजे नुसती रेघ. रेघेवर मोह कसा उगवेल?

त्यांनी कोश काढला. पानं उलटली.
तिनं विचारलं, "काय म्हन्ते तुह्यं बुक?"
बुक म्हणत होतं, जुन्या काळी तिथं
जमीन द्यायची तर मातीचं ढेकूळ द्यायचे हातात,
वर खोचलेली एक डहाळी.
"मंग आपल्यासारखंच हाये की," ती म्हणाली,
"आमी ढेकूळ डोईवर घेऊन आन घेतो."

"पन धुरा म्हंजे काय, ते सांग."
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
"ज्याच्यावर दोघायचाबी पाय पडते
अन् नांगर कोनाचाच नाई."

ते अर्जात गेलं. पेशकारानं लाल रेघ मारली.
खटला चालला की मिटला, घरात कुणाला आठवत नाही.

पण पुस्तकात आहे.
आजोबांनी शिसपेन्सिलीनं समासात लिहिलं,
अक्षरांच्या क्रमानं, बरोब्बर जागा शोधून.
वर डिव्हाइज: मरताना लिहून देणे.
खाली डिसीझिन: बेदखल करणे.
मध्ये, तिरपं, चिकटून: धुरा.

परवा एक पोरगी आली, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाची, पारव्याची.
आडनाव टेकाम. कोणाची कोण, मी विचारलं नाही.
ते पान हवं होतं तिला.
काच पुसली, पान ठेवलं, बटण दाबलं.
छापलेलं सगळं आलं. समास कोरा.
गडद करून पाहिलं: उधईची भोकं आली, डाग आले.
आणखी गडद: पानच काळं, जळाल्यासारखं.
पेन्सिल काही उठेना.

शेवटी पहिल्याच प्रतीवर मी हातानं लिहून दिलं,
दोन्ही ओळी, तिच्यासमोर, सावकाश.
‘पन’ला ‘पण’ करू का, असं मनात येऊन गेलं
आणि मग लक्षात आलं,
त्या ओळीत ‘पण’ नाहीच कुठं.